नऊ देव आणि दहावा माणूस

पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन महिने होतात न होतात तोच, मार्च १९४२ मध्ये, जपानी आरमाराने आपल्या नऊ नाविकांना ‘युद्धदेव’ म्हणून जाहीर केले. त्यांची चित्रे निघाली, त्यांचे गुणगान झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी त्या बंदरात शिरण्यासाठी पाच बुटक्या पाणबुड्या निघाल्या होत्या आणि प्रत्येकीत दोन माणसे होती. पाच दुणे दहा एवढा पाढा ज्यास येतो, त्याने साहजिकच विचारावे की, मग दहावा कोठे गेला? वेदान्तातील दृष्टांतात नदी उतरलेल्या दहा जणांपैकी मोजणारा स्वतःलाच मोजावयास विसरतो. येथे विसर नव्हता. दहावा जिवंतपणी शत्रूच्या हाती लागला होता, आणि म्हणून तो मोजावयाचाच नव्हता.

त्या दहाव्याचे नाव काझुओ साकामाकी. वय २३. अमेरिकेने या युद्धात धरलेला तो पहिला जपानी कैदी. त्याने मायदेशी परतल्यावर लिहिलेले छोटेखानी आत्मवृत्त १९४९ मध्ये ‘आय अटॅक्ड पर्ल हार्बर’ या नावाने इंग्रजीत आले. या पुस्तकाचे वजन त्याच्या पृष्ठसंख्येवरून करू नये.

प्रथम त्या नौकेविषयी. लांबी सुमारे ७८ फूट, वजन ४६ टन, तोंडाशी दोन पाणतीर, आणि सारा कारभार विजेच्या घटमालेवर. ही घटमाला समुद्रात पुन्हा भरून घेण्याची सोय नव्हती; पूर्ण वेगाने हाकारल्यास तासाभरात ती रिती व्हावयाची. मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बांधून तिला शत्रूच्या दाराशी आणून सोडीत. परत येण्याची व्यवस्था कागदावर होती. जाणाऱ्यांपैकी कोणी तिच्यावर फारसा विश्वास ठेवला असेल असे वाटत नाही.

साकामाकीचे जायरो होकायंत्र निघण्यापूर्वीच बिघडले. मोठ्या पाणबुडीच्या कप्तानाने त्याला, आता काय करणार, असे विचारले. होकायंत्रावाचून पाण्याखाली जाणे म्हणजे डोळे बांधून अरण्यात शिरणे. तरी तो निघाला. पुढली पाने या पुस्तकातील सर्वोत्तम होत. नौका खडकावर चढते, सुटते, पुन्हा चढते. तिचा तोल साधण्यासाठी तो आणि त्याचा सहकारी कियोशी इनागाकी शिशाचे ठोकळे सरपटत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात. घटमालेतून विषारी वायू सुटतो, श्वास कोंडतो. पाणतीर सोडण्याची संधी येतच नाही. अखेरीस ती ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्याजवळ रुतते. सुरुंगाची वात पेटवून दोघे उडी घेतात. सुरुंग उडत नाही, इनागाकी बुडतो, आणि हा बेशुद्ध अवस्थेत वाळूवर सापडतो. एवढ्या प्रसंगात एकही पराक्रम नाही. फजितीवर फजिती आहे, आणि ती लेखक झाकीत नाही. युद्धवाङ्मयात शौर्याची वर्णने पोतेभर मिळतात. यंत्र बिघडल्यावर माणसाचे काय होते हे सांगणारी पाने विरळा.

मात्र उत्तरार्धाविषयी प्रस्तुत लेखकाचे मत इतके अनुकूल नाही. कैदेत तो प्रथम मरण मागतो. सिगारेटने स्वतःचे अंग भाजून घेतो. पुढे अमेरिकेतील छावण्यांत त्याचे मन पालटते, आणि मागाहून आलेल्या जपानी कैद्यांना तो मरू नका, शिका, असे सांगू लागतो. हे पालटणे खोटे आहे असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ते फार सरळ उतरले आहे. न्यूयॉर्कच्या वाचकास रुचेल अशी घडी त्यावर पडलेली दिसते. याचे कारण त्याच्या घरच्या टपालात सापडते. १९४६ साली तो परतल्यावर, अजून जगलास कसा, लाज असेल तर जीव दे, अशा अर्थाची पत्रे त्याला आली. ज्याला श्वास घेण्याचीही सबब द्यावी लागते, त्याच्या लेखणीला निवांतपणा कोठून मिळणार?

येथे मला आपल्या नाना फडणिसांचे आत्मचरित्र आठवते. पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, नाना अवघे १८ वर्षांचे होते. आपण कसे निसटलो, अंगावरचे कपडे टाकून गवतात कसे लपलो, हे ते काही आडपडदा न ठेवता सांगतात. त्या मोहिमेत त्यांची आई हरपली. साकामाकीपाशी नसलेली एक गोष्ट नानांपाशी आहे : जगण्याबद्दल ते वाचकाची क्षमा मागत नाहीत. ईश्वराने वाचविले, आपण वाचलो, एवढ्यावर ते पुढे जातात. म्हणूनच नानांचे ते अपुरे टिपण गद्य म्हणून अधिक निर्भय आहे.

परंतु नानांसारखे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. मिरजगावास समुद्र नाही. तो पाहावयाचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. तरी युद्ध येथेही येऊन गेले आहे. माझ्या लहानपणी गावात एक वृद्ध गृहस्थ होते. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांच्या कैदेत होते. त्यांना, युद्धात काय काय पाहिलेत, असे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. विचारीत ते एवढेच : “आबा, तुम्ही सुटलात कसे?” प्रश्न प्रेमाचा असे, पण आबा उठून गोठ्याकडे जात. देशावर खेडोपाडी मारुतीच्या देवळाजवळ वीरगळ दिसतात : खाली झुंज, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, माथ्यावर शिवलिंग. परत आलेल्यासाठी त्या दगडावर जागा नाही. वेडात दौडलेले सात आम्हांला तोंडपाठ आहेत, आणि असावेत. पण साकामाकीला पत्रे लिहिणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, याविषयी मी साशंक आहे.

त्या नौकांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. ३१ मे १९४२ च्या रात्री अशाच तीन नौका सिडनी बंदरावर चालून गेल्या. त्यांच्यापैकी एकीच्या पाणतिराने ‘कुट्टाबुल’ या जहाजावरील २१ खलाशी मेले. इतर दोन नौकांतून निघालेल्या चार जपानी प्रेतांना ऑस्ट्रेलियाच्या आरमाराने जपानी निशाणाखाली, लष्करी इतमामाने अग्नी दिला. त्यावर टीका झाली, तरी रिअर ॲडमिरल म्युरहेड-गूल्ड आपल्या निर्णयापासून ढळले नाहीत. तिसरी नौका नोव्हेंबर २००६ मध्ये हौशी पाणबुड्यांना समुद्रतळाशी सापडली, आणि तिला तेथेच राहू दिले. पर्ल हार्बरच्या तोंडाशी ‘वॉर्ड’ या विनाशिकेने पहाटे बुडविलेली नौका ऑगस्ट २००२ मध्ये सुमारे १,२०० फुटांवर दिसली. बुरुजाला गोळ्याचे भोक जसेच्या तसे. आपण एक पाणबुडी बुडविली हे ‘वॉर्ड’वरील लोकांचे म्हणणे साठ वर्षांनी खरे ठरले.

आणि साकामाकीची नौका? इकडे नवांच्या तसबिरी पुजल्या जात होत्या, तिकडे दहाव्याची नौका अमेरिकेच्या शहराशहरांतून, जत्रेतील दोन तोंडांच्या वासराप्रमाणे, युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठी फिरविली जात होती. आज ती टेक्सासमधील फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयात आहे. साकामाकी पुढे टोयोटा कंपनीत शिरला, ब्राझीलमधील तिच्या शाखेचा प्रमुख झाला, आणि युद्धाविषयी बोलणे त्याने टाकून दिले. १९९१ साली मात्र तो त्या संग्रहालयात गेला. पन्नास वर्षांनी आपली नौका समोर पाहून तो रडला, असे सांगतात. १९९९ मध्ये तो वारला. त्या भेटीविषयीचा एखादा अध्याय त्याने लिहिला असता, तर पुस्तकाच्या उत्तरार्धाबद्दलची माझी तक्रार मी आनंदाने मागे घेतली असती.