'आय-बेस्ट' यशस्वी ठरलं, पण नेमकं कशात?

परवा एका ज्युनिअरने प्रपोजल वाचायला दिलं. रात्रशाळेतून दहावी झालेल्या कष्टकरी बायका पुढे कॉलेजात आणि बऱ्या नोकरीत कशा जातील, असा विषय. दुसऱ्याच पानावर वाक्य होतं, 'वॉशिंग्टन राज्यातलं आय-बेस्ट मॉडेल यशस्वी ठरलं आहे.' तुमच्याही प्रपोजलमध्ये असं एखादं वाक्य असणार. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये होतंच.

आधी आय-बेस्ट काय ते थोडक्यात. अमेरिकेत शाळा अर्धवट सुटलेल्या किंवा इंग्रजी कच्चं असलेल्या प्रौढांनी आधी बेसिक वर्ग करायचे, मग कधीतरी कॉलेज, अशी रीत. हे 'मग कधीतरी' बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. वॉशिंग्टनच्या कम्युनिटी कॉलेजांनी २००४-०५ पासून एकाच वर्गात दोन शिक्षक ठेवून पाहिले. एक वेल्डिंग किंवा नर्सिंग असिस्टंटचं काम शिकवणार, दुसरा त्याच धड्यातलं इंग्रजी आणि गणित सांभाळणार. किमान निम्मा वेळ दोघंही वर्गात. खर्च वाढतो, म्हणून राज्याने नेहमीच्या १.७५ पट निधी दिला. कल्पना मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते.

पण पुरावा बघा. यामागे प्रिन्स आणि जेन्किन्स यांचा २००५ चा अभ्यास आहे. ज्यांनी कॉलेजची वर्षभराची क्रेडिट्स आणि एखादं प्रमाणपत्र मिळवलं, त्यांची वर्षाची कमाई जेमतेम क्रेडिट्स घेतलेल्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. इंग्रजीच्या वर्गापासून सुरुवात केलेल्यांत सुमारे ७,००० डॉलर, बेसिक वर्गापासून सुरुवात केलेल्यांत ८,५०० डॉलर. हे वर्णन झालं. जे तिथवर पोचले, ते कमावतात. त्यावरून 'कुणालाही तिथवर पोचवा, तो कमवेल' असं म्हणायला लागणं ही वेगळी उडी आहे, आणि धोरणकर्त्यांनी ती सहज मारली. पोचणाऱ्यांत जिद्द, घरचा आधार, सुट्टी देणारा मालक यातलं काहीतरी आधीपासूनच जास्त असू शकतं ना?

२००९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आय-बेस्टचे विद्यार्थी इतरांपुढे असल्याचं दाखवलं. तिथेही हीच अडचण, कारण वर्ग निवडणारी माणसं मुळातच वेगळी असू शकतात. मग २०१० ला झायडेनबर्ग, चो आणि जेन्किन्स यांनी तुलनाच बदलली. आय-बेस्ट सुरू झालेली कॉलेजं आणि न झालेली, आधी आणि नंतर. (हेच ते डिफरन्स-इन-डिफरन्सेस. नावाला घाबरू नका, दोन वजाबाक्या आहेत.) तीन वर्षांत प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता ७.५ टक्के-बिंदूंनी वाढली, कॉलेजचं थोडंफार क्रेडिट मिळण्याची जवळपास १० नी. कमाईवर मात्र परिणाम दिसला नाही.

लेखकांनी हे लपवलेलं नाही. हे विद्यार्थी नोकरी शोधायला निघाले ते नेमकं मंदीच्या तोंडावर, त्यामुळे असं झालं असावं, हा खुलासाही त्यांनी दिला. तो मला पटण्यासारखा वाटतो. पण 'असावं' म्हणजे 'आहे' नव्हे. माझा राग आहे तो नंतर उद्धृत करणाऱ्यांवर. प्रमाणपत्राचा आकडा घ्यायचा, कमाईची ओळ गाळायची आणि 'यशस्वी' लिहून मोकळं व्हायचं. आणखी एक: दोन शिक्षक, जास्तीचा निधी, कामाशी जोडलेला अभ्यासक्रम हे सगळं एकत्र आलं. यातलं कशाने काम केलं, हे अशा तुलनेतून सांगताच येत नाही. तरी आपण बिनधास्त 'दोन शिक्षक ठेवा' अशी शिफारस करतो.

ज्युनिअरला मी ते वाक्य खोडून 'क्रेडिट्स आणि प्रमाणपत्रं वाढली, कमाईतला फरक २०१० च्या अभ्यासात आढळला नाही' असं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग माझा विषयच लंगडा पडतो की."

उलट आहे. तिच्या बायका दिवसभर चार घरची कामं उरकून रात्री वर्गाला बसणार, प्रसंगी एखादं काम सोडणार. ती प्रमाणपत्रासाठी नाही, पगारासाठी. आता तिने प्रश्नावलीत सोडलेलं काम, बुडालेले पैसे आणि दोन वर्षांनंतरचा पगार हे तीन प्रश्न घातलेत. दोन वर्षं थांबायचं म्हटल्यावर गाईड काय म्हणतात ते बघायचं.