बारदेशच्या मिठावरील जकात : एका शिवकालीन पत्राच्या अर्थाची चिकित्सा

शिवकालीन पत्रांपैकीं अर्थकारणाच्या विवेचनांत ज्यांचा हवाला वारंवार दिला जातो, त्यांत कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस १६७१ सालीं गेलेलें मिठाच्या जकातीचें पत्र अग्रगण्य आहे. परमुलखांतील स्वस्त मालापासून स्वदेशी मालाचें रक्षण करण्याचें धोरण महाराजांनीं आखलें होतें व त्यायोगें प्रजेचें कल्याण झालें, असा या पत्राचा अर्थ सामान्यतः लावण्यांत येतो. या विधानाचे दोन भाग आहेत. पहिला भाग पत्रांतून निघतो, परंतु लोक समजतात त्याहून थोड्या निराळ्या स्वरूपांत निघतो. दुसरा भाग पत्रांतून मुळींच निघत नाहीं. हे दोन भाग वेगळे करून दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पत्राचा आशय पाहूं. बारदेश १५४३ पासून पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होता आणि तेथील खाड्यांच्या कांठचीं मिठागरें प्रसिद्ध होतीं. तेथील मीठ स्वस्त पडतें म्हणून उदमी लोक तिकडे वळूं लागले व प्रभावळींतील संगमेश्वराकडची खरेदी खुंटूं लागली, ही पत्रामागील हकीकत होय. त्यावर उपाय असा सांगितला आहे कीं, दोन्ही ठिकाणच्या मिठाच्या पडत्या किंमतीचा हिशेब मनास आणावा, आणि बारदेशच्या मिठावर जकात इतकी जबर बसवावी कीं तें संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावें. यांत मुलाहिजा झाल्यास आपलीं बंदरें पडतील अशी ताकीद आहे, व सरकारचा मोठा फायदा यांत आहे हेंही स्पष्ट केलें आहे.

या आशयांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, येथें बंदी नाहीं, हिशेब आहे. बारदेशचें मीठ आणूं नये अशी आज्ञा नाहीं. तें आणणारास नफा उरूं नये अशी योजना आहे. दुसरी ही कीं, हें अस्त्र तहाच्या काळांत उचललेलें आहे. १६६७ सालीं महाराजांनीं बारदेशावर स्वारी केली व त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीजांशीं तह झाला. त्यानंतर चार वर्षांनीं जो दाब तरवारीनें द्यावयाचा नव्हता, तो घाटवाटेवरील जकातीच्या चौकीनें दिला. राष्ट्राराष्ट्रांतील जकातयुद्धाचें लक्षण याहून निराळें नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्रांतील काळजी आहे ती बंदरांची व उदम्यांच्या आमदरफ्तीची. मिठागरांत राबणारा आगरी आणि घाटावर तें मीठ खाणारा कुणबी यांच्याकरितां हें पत्र लिहिलेलें नाहीं. मीठ हा येथें रहदारीचा प्राण आहे. मिठाच्या गोण्यांसाठीं बैलांचे तांडे बंदरीं उतरतात, येतांना देशावरील धान्य आणतात, व या येण्याजाण्यावर बंदराचें उत्पन्न चालतें. तांडे बारदेशाकडे वळले तर मिठाबरोबर हें सारें जातें.

याच कारणास्तव 'सरकारचा फायदा' या शब्दांचाही अर्थ नीट लावला पाहिजे. बारदेशच्या मिठावरील जबर जकातीनें खजिना भरेल असा तो अर्थ सरळ घेतां येत नाहीं. कारण जकात हेतूप्रमाणें फळली तर तें मीठ येणेंच थांबेल, आणि न येणाऱ्या मालावर जकात मिळत नाहीं. फायदा व्हावयाचा तो संगमेश्वरीं परत आलेल्या रहदारीच्या उत्पन्नांतून. संरक्षणासाठीं बसविलेली जकात आणि उत्पन्नासाठीं बसविलेली जकात या दोहोंच्या वाटा एका मर्यादेपलीकडे फुटतात, ही गोष्ट या पत्राचे पुष्कळ वाचक विसरतात.

आमच्या या वाचनास आज्ञापत्रांतून पुष्टि मिळते. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नांवें निघालेल्या व रामचंद्रपंत अमात्यांच्या मानल्या जाणाऱ्या या ग्रंथांत आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकूं नये, नाहींतर बंदरांस त्रास होऊन सावकारी बुडेल, असा उपदेश आहे. येणाऱ्याजाणाऱ्या सावकारांची दिलभरी करावी असेंही सांगितलें आहे. वरवर पाहतां दोन्ही लेखांत विरोध दिसतो. एक म्हणतो भार जबर बसवा, दुसरा म्हणतो भार हलका ठेवा. परंतु दोघांसही भय एकच आहे व तें बंदर ओस पडण्याचें. महाराजांना जें भय परक्याच्या स्वस्त मालापासून वाटलें, तेंच अमात्यांना आपल्याच सरकारच्या हांवेपासून वाटलें. तेव्हां दोन्ही लेखांचें सूत्र 'जकात वाढवा' हें नसून 'रहदारी राखा' हें आहे. परकी मालास अडविणें हा त्या सूत्राचा सर्वकालीन सिद्धांत नव्हे. एका वेळीं व एका वाटेवर योजलेला तो उपाय होय.

ज्या वर्षीं हें पत्र लिहिलें गेलें त्याच काळांत युरोपांत असाच एक कलह पेटला होता. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यानें १६६४ चे जकातीचे दर १६६७ सालीं एकदम चढविले. रोख मुख्यतः डचांच्या मालावर होता. १६७१ सालीं डचांनीं उलट फ्रेंच ब्रँडीसारख्या मालावर निर्बंध घातले, आणि १६७२ सालीं प्रत्यक्ष युद्ध सुरू झालें. १६७८ च्या नायमेगनच्या तहांत डचांपुरते १६६७ चे दर सोडून देणें फ्रान्सला भाग पडलें. कोल्बेरच्या आज्ञा तेवढ्या वाचल्या तर त्याचें धोरण यशस्वी वाटेल; तहाचीं कलमें वाचलीं म्हणजे हिशेब निराळा निघतो. आज्ञेवरून परिणाम ठरविण्यांत जो धोका आहे तो हाच.

आतां परिणामांकडे वळूं. याच बारदेशच्या मिठानें दोनशें वर्षांनीं पुनः एकदां राजकारण घडविलें, व त्या खेपेची हकीकत अधिक स्पष्ट आहे. इंग्रजी मुलखांत मिठावरील कर फार जबर होता. त्याच्या रक्षणासाठीं सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची जकातरेषा इंग्रजांनीं उभारली होती, व तिच्या मोठ्या भागावर कांटेरी कुंपण होतें. ती रेषा १८७९ सालीं मोडण्यांत आली. गोव्याची सरहद्द ही त्याच अडचणीची दुसरी बाजू होती, कारण गोव्यांतील स्वस्त मीठ चोरून इंग्रजी हद्दींत येई. त्यावर १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला व १८८० च्या आरंभापासून तो अंमलांत आला. दोन्ही मुलखांतील परस्परांच्या जकाती उठल्या. परंतु गोव्यांतील मिठाचें उत्पादन व विक्री यांचा ताबा इंग्रजांकडे गेला, आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास सालीना ४ लक्ष रुपये मिळूं लागले. गोव्यांत कित्येक मिठागरें बंद पडलीं, व जेथें मीठ पिकतें तेथेंच तें महाग झालें. १८९२ सालीं तह संपुष्टांत आला. दोन सरकारांच्या हिशेबांत या तहाचा जमाखर्च जुळला असेल. आगऱ्याच्या व गिऱ्हाइकाच्या हिशेबांत तो जुळला नाहीं. आणि मिठासारख्या वस्तूची गोष्टच अशी आहे कीं, ती महाग झाली म्हणून खाणें कमी करतां येत नाहीं. म्हणून तिच्यावरील भार गरिबावर सर्वांत अधिक पडतो.

१६७१ च्या पत्रांतील हिशेब आणखी एका ठिकाणीं उलटा होऊन आला. परदेशी कापडावर १८९४ सालीं शेंकडा ५ टक्के जकात बसली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या ओरडीनंतर १८९६ सालीं ती शेंकडा साडेतीन करण्यांत आली, आणि हिंदुस्थानांतील गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादण्यांत आला. दोन ठिकाणच्या मालाचा हिशेब मनास आणून भार जुळविणें, हीच रीत दोन्हीकडे दिसते. फरक इतकाच कीं, पत्रांत भार परक्याच्या मालावर पडतो आणि १८९६ त तो आपल्याच गिरणीवर पडला. हा कर १९२६ सालीं कायमचा उठेपर्यंत मुंबईच्या गिरण्यांनीं तो सोसला. त्या अन्यायाच्या आठवणीनें आमच्या कडील लेखकांनीं शिवकालीन पत्राकडे पाहिलें, व त्यांत आपल्या काळाचें उत्तर वाचलें. ही भावना आम्हांस परकी नाहीं. परंतु भावनेनें केलेलें वाचन म्हणजे पुरावा नव्हे.

मग जकातीचा भार अखेर कोणावर पडला हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर अगदीं अलीकडील एका जकातयुद्धानें दिलें आहे. २०१८ सालीं अमेरिकेनें चिनी मालावर शेंकडा २५ पर्यंत जकाती बसविल्या. चीननें अमेरिकन सोयाबीनवर तितकीच जकात बसवून उत्तर दिलें, आणि तेथील शेतकऱ्यांस अमेरिकन सरकारला खजिन्यांतून मदत द्यावी लागली. जकात चिनी व्यापारी भरतील असें राज्यकर्ते सांगत होते. अर्थशास्त्रज्ञांनीं १८ सालच्या जकातखात्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हां जकातीपूर्वीची किंमत चिन्यांनीं फारशी उतरविली नव्हती व जवळजवळ सारा भार अमेरिकेंतील घेणारावरच पडला होता, असें निघालें. हा निर्णय घोषणांच्या कागदांवरून झाला नाहीं. मालागणिक किंमतीच्या नोंदींवरून झाला.

शिवकालासही हीच कसोटी लावली पाहिजे. नरहरि आनंदरावांस गेलेलें पत्र राजाच्या दूरदृष्टीचा उत्तम पुरावा आहे. सीमेपलीकडील भाव, वाहतूक व बंदराचें उत्पन्न हीं एकाच नजरेंत घेणारी ती बुद्धि थोर होती यांत शंका नाहीं. परंतु जकात बसल्यावर घाटावर मिठाचा भाव किती चढला, तांडे खरोखर संगमेश्वराकडे परतले कीं आडवाटांनीं चोरून बारदेशचेंच मीठ आणूं लागले, हें सांगण्याचें काम त्या पत्राचें नाहीं. तें काम जकातीच्या यादींचें, कमाविसदारांच्या ताळेबंदांचें, गांवच्या निरखांचें व वाण्यांच्या वह्यांचें आहे. राजमुद्रेच्या एका कागदासाठीं संग्राहक दूरवर जातात आणि त्याच दप्तरांतील मोडींतील हिशेबाच्या पुरवण्या रद्दी म्हणून मागें राहतात, असें पुष्कळदां घडतें.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती आहे कीं, कुडाळ, सावंतवाडी, राजापूर, संगमेश्वर या बाजूंच्या घराण्यांत दप्तरें पाहतांना मीठ, घाट, चौकी, गोण्या, निरख हे शब्द आढळतील तो प्रत्येक कागद राखावा, त्याची तारीख व वजनाचें माप उतरून घ्यावें, आणि तो कोणत्या रुमालांत कोणत्या कागदांशेजारीं होता हेंही नमूद करावें. मिठाच्या जकातीनें रयतेचें काय झालें, याचा निवाडा असल्या कागदांवरूनच करतां येईल.