‘विलापगीत’ : सांत्वनाचे स्वरूप आणि रचना

संकटकाळी बायबलमधील वचनांचा आधार घेणाऱ्या वाचकांना ‘विलापगीत’ या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाची २२ व २३ ही वचने विशेष प्रिय असतात. देवाच्या करुणेच्या अखंडत्वाची ग्वाही देणारी ही वचने शोकसभेत, रुग्णाच्या उशाशी, दिनदर्शिकेच्या पानावर सुटी भेटतात. ज्या ग्रंथातून ती उचलली जातात तो ग्रंथ मात्र इतक्या सहज दिलासा देत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम नगरी व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. त्या विनाशाचा शोक हा या पाच काव्यांचा विषय होय. परंपरा त्यांचे कर्तृत्व यिर्मया संदेष्ट्याकडे देते. आधुनिक अभ्यासक बहुधा ते मान्य करीत नाहीत. पहिल्या अध्यायात नगरी विधवेच्या रूपात अवतरते आणि तिचे सांत्वन करणारे कोणी नाही, ही खंत पुनःपुन्हा उमटते. पुढे भुकेने प्राण सोडणारी बालके येतात. कवी काहीही झाकत नाही.

रचना मात्र विलक्षण काटेकोर आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे असून पहिल्या चार अध्यायांतील कडवी त्या अक्षरांच्या क्रमाने येतात. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचने, म्हणून एकूण ६६. पाचव्या अध्यायात वचने २२च आहेत, परंतु वर्णक्रम सुटलेला आहे. याला केवळ शब्दांची कसरत म्हणणे अन्यायाचे ठरेल. घर, मंदिर व राजा गमावलेल्या समाजापाशी वर्णमाला तेवढी उरली होती. तिच्या आधाराने आक्रोशाला आरंभ मिळाला आणि मर्यादाही. भाषांतरात हा क्रम सहसा टिकत नाही, त्यामुळे ग्रंथाचे खरे बळ वाचकाच्या नजरेआड राहते.

आशेची वचने या रचनेच्या मध्यभागी आहेत, शेवटी नाहीत. त्याच अध्यायाच्या ४४ व्या वचनात, प्रार्थना पोहोचू नये म्हणून देवाने ढगाचा पडदा ओढून घेतल्याची तक्रार आहे. म्हणजे आशा व्यक्त झाल्यानंतरही तक्रार मागे घेतली जात नाही. सुट्या वचनांच्या वाचनात नेमके हेच हरवते आणि दुःखिताला स्वतःचा संताप अश्रद्धा वाटू लागतो.

मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ यहुदी परंपरेत आव महिन्याच्या नवमीला उपवास करून हा ग्रंथ वाचतात. (कोकणातील बेने इस्रायल समाजात हा दिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून परिचित होता.) देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर ग्रंथ संपतो. एवढ्यावर थांबणे जड जाते, म्हणून त्यापूर्वीचे, देवाकडे परतण्याची याचना करणारे वचन पुन्हा म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि शेवटचे वचन वगळले जात नाही. ते वाचून झाल्यावरच आधीचे पुन्हा म्हटले जाते.