चलनवाढीचे लक्ष्य आणि वाशीचा कांदा : एक चिकित्सा

भारतीय रिझर्व्ह बँकेचे एक कार्यालय सी.बी.डी. बेलापूर येथे आहे, तर मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा कांदा-बटाटा बाजार तेथून थोड्याच अंतरावर वाशी येथे. चलनवाढ-लक्ष्याच्या चौकटीतील मूलभूत विसंगती या दोन ठिकाणांच्या संबंधातून स्पष्ट होते.

डॉ. ऊर्जित पटेल समितीने २०१४ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित चलनवाढ हे पतधोरणाचे लक्ष्य असावे, अशी शिफारस केली. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर ते ४ टक्के, अधिक-उणे २ टक्के असे निश्चित झाले. २०१२ या आधारवर्षाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता. रेपो दर वाढल्याने कर्ज महागते, घरखरेदी मंदावते. मात्र चाळीतला कांदा सडायचा थांबत नाही. समितीचा युक्तिवाद याहून सूक्ष्म होता, हे मान्य करावे लागेल. अन्नाची भाववाढ लोकांच्या अपेक्षांत व पुढे वेतनात मुरते, हे तिचे प्रतिपादन आजही टिकते. म्हणूनच खाद्यपदार्थ वगळून लक्ष्य ठरविण्याविषयी २०२३-२४ च्या आर्थिक सर्वेक्षणाने केलेली सूचना स्वीकारणे कठीण आहे. ज्या कुटुंबाचा निम्मा खर्च अन्नावर होतो, त्याच्या लेखी अन्न वगळलेली महागाई ही महागाईच नव्हे.

दोष निर्देशांकात नसून जबाबदारीच्या वाटणीत आहे. लक्ष्य बँकेचे, साधने मात्र शासनाच्या हाती. शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले व डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्णतः हटण्यास एप्रिल २०२५ उजाडले. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात रेपो दर ६.५० टक्क्यांवरच होता. कांद्यापुरते बोलायचे तर भाव आवरण्याचे काम पतधोरण समितीने नव्हे, न्हावा-शेवा बंदरावरील निर्बंधांनी केले!

या उपायाची राजकोषीय बाजू क्वचितच चर्चिली जाते. ग्राहकाला अनुदान दिले असते तर तो खर्च अर्थसंकल्पात दिसला असता, त्यावर संसदेत प्रश्न विचारले गेले असते. निर्यातबंदीचा खर्च कोणत्याही शीर्षाखाली नोंदला जात नाही. नाशिक-अहिल्यानगरच्या उत्पादकाने तो पडलेल्या भावाच्या रूपाने भरला. राजकोषीय तूट न वाढविता चलनवाढ रोखल्याचा दावा करताना हा अघोषित कर हिशेबात धरला जात नाही.

उत्तरदायित्वाची स्थितीही समाधानकारक नाही. २०२२ मध्ये सलग ३ तिमाह्या चलनवाढ ६ टक्क्यांहून अधिक राहिल्याने बँकेने कलम ४५ झेडएन अन्वये शासनास कारणमीमांसा सादर केली. ती प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, अशी शासनाची भूमिका राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चलनवाढ ०.२५ टक्क्यांपर्यंत उतरली आणि त्यात अन्नाच्या घसरलेल्या किमतींचा वाटा मोठा होता. दर कोसळले असता उत्पादकाच्या बाजूने कोणी, केव्हा हस्तक्षेप करावा, याविषयी हे कलम मौन बाळगते.