जंतुनाशक माउथवॉश, प्लाक आणि हिरड्यांचा दाह : परिणामकारकतेच्या दाव्यांची चिकित्सा

जंतुनाशक माउथवॉशच्या परिणामकारकतेसंबंधी केल्या जाणाऱ्या दाव्यांचे परीक्षण करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. हे परीक्षण करताना पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या मोठ्या गावातील सामान्य ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला आहे. दंत महाविद्यालयाच्या नियंत्रित वातावरणात सिद्ध झालेली गोष्ट ग्रामीण घरातही तशीच घडते, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती या विषयावरील लेखनात वारंवार आढळते.

प्लाक म्हणजे दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर. तो कडक झाला की त्याचे कीटण होते. प्लाक व हिरड्यांचा दाह यांतील कार्यकारणसंबंध हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये दाखवून दिला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे थांबविले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू होताच ती ओसरली. १९७० मध्ये लो आणि शिओट यांनी पुढचे पाऊल टाकले. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलिलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा एक मिनिट चूळ भरल्यास, दात न घासताही प्लाक साचत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. क्लोरहेक्सिडिनचे धनभारित रेणू दात व श्लेष्मल त्वचेला चिकटून राहतात आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतात. त्याच्या प्रभावाचे मर्म येथे आहे.

हा प्रयोग निर्विवाद मोलाचा आहे. तथापि त्यातील व्यक्ती दात घासत नव्हत्या, ही अट नंतरच्या जाहिरातबाज लेखनातून गळून गेली. प्रत्यक्षात प्रश्न वेगळा आहे : जो माणूस रोज दात घासतो, त्याला चुळीमुळे अधिक काय मिळते? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने याच प्रश्नाचा विचार केला. त्यात ५१ चाचण्या व ५,३४५ व्यक्ती समाविष्ट होत्या. चार ते सहा आठवड्यांच्या वापराने प्लाक मोठ्या प्रमाणात घटला. परंतु हिरड्यांच्या दाहातील घट ० ते ३ च्या मोजपट्टीवर केवळ ०.२१ इतकी होती. सौम्य दाह असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही घट अर्थपूर्ण नाही, असे आढावाकारांनी नमूद केले. मध्यम वा तीव्र दाहाविषयी निष्कर्ष काढण्यास पुरावा अपुरा ठरला. म्हणजे, ज्याच्या हिरड्या खरोखर दुखतात त्याच्याविषयीच शास्त्र मौन बाळगते. चुळीचे द्रावण हिरडी व दात यांमधील खोल पोकळीत फारसे पोहोचत नाही, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही.

आकडा व त्याचा अर्थ यांतील ही फारकत व्यापारास सोयीची असते. लिस्टरीन हे फ्लॉसइतकेच परिणामकारक असल्याची फायझर कंपनीची जाहिरात जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दिशाभूल करणारी ठरविली. आधारभूत चाचण्या सौम्य ते मध्यम दाहाच्या व्यक्तींवर झाल्या होत्या, आणि फ्लॉस गटातील लोकांनी तो नीट वापरला होता की नाही, हाच वादाचा मुद्दा होता. त्रिफळा किंवा कडुनिंबाच्या द्रावणांची क्लोरहेक्सिडिनशी तुलना करणाऱ्या आपल्याकडील शोधनिबंधांतही असाच दोष डोकावतो. लहान नमुन्यात 'लक्षणीय फरक नाही' असे आढळले की 'दोन्ही सारखेच गुणकारी' असा निष्कर्ष दिला जातो. फरक न सापडणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे; संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगावे लागू नये.

आता करकंबकडे वळता, प्रथम हिशेब पाहावा. दिवसाला २० मिलिलिटर या प्रमाणात १५० मिलिलिटरची बाटली साडेसात दिवसांत संपते. एका व्यक्तीस महिन्याला चार बाटल्या लागतात. उसाच्या पट्ट्यातील शेतमजूर कुटुंबात चार माणसे धरली, तर हा खर्च ब्रश व पेस्टच्या खर्चाला सहज मागे टाकतो. शिवाय पेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडिनचा प्रभाव कमी करते, म्हणून दोहोंत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे लागते. पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला हे अंतर कोण समजावून सांगतो?

याहून महत्त्वाचा मुद्दा मशेरीचा आहे. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु तव्यावर तंबाखू भाजून घरीच केलेली मशेरी या बंदीच्या कक्षेबाहेर राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, ती दात घासण्याचे साधन मानली जाते. अनेक चाचण्यांत तंबाखूसेवन करणाऱ्यांना निवडीच्या टप्प्यावरच वगळले जाते, त्यामुळे या मोठ्या वर्गाला चाचण्यांचे निष्कर्ष थेट लागू करता येत नाहीत. क्लोरहेक्सिडिनच्या दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात व चवीत बदल होतो. एरवी हे डागच वापर थांबविण्याची सूचना देतात. मशेरीने आधीच काळवंडलेल्या दातांवर ती सूचना दिसतच नाही.