आरंभाचा शोध आणि धान्याचे कोठार

वाराणसीच्या संकठा घाटाच्या दक्षिणेस शिंदे घाट आहे, आणि उत्तरेस, गंगामहालाच्या पलीकडे, भोसले घाट. संकठा देवीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूस हा सारा दगडी विस्तार अनादी वाटतो. वस्तुतः नागपूरकर भोसल्यांचे बांधकाम अठराव्या शतकाच्या अखेरचे आहे. बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात बांधविलेला घाट तर स्वतःच्याच भाराने खचला आणि विसाव्या शतकात तो पुन्हा उभारावा लागला. ज्या काशीला महाराष्ट्राने आद्य मानले, तिचे नदीकडील मुख बऱ्याच अंशी मराठी सत्ताधीशांच्या द्रव्याने घडले आहे. ‘प्राचीन’ आणि ‘आद्य’ या दोन शब्दांत मराठीतील संस्कृतिविषयक लेखन जी गल्लत करीत आले, तिचे हे दृश्य रूप होय.

या लेखनातील दोन ग्रंथ आजही दुर्लक्षिता येत नाहीत: धर्मानंद कोसंबी यांचा ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५ च्या सुमाराचा) आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ (१९५१). दुसऱ्यास १९५५ साली साहित्य अकादेमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार लाभला. तर्कतीर्थांची भूमिका समावेशक आहे. त्यांच्या विवेचनात वैदिक संस्कृती हा मुख्य प्रवाह असून बौद्ध व जैन विचार हे त्याच्या विकासातील टप्पे ठरतात. कोसंबींची दृष्टी याच्या नेमकी उलट. ते वैदिक संस्कृतीचा संबंध बाबिलोनियाशी जोडतात, इंद्रास देवतेपेक्षा विजेत्या नायकाच्या रूपात पाहतात, आणि श्रमण-संस्कृतीस, म्हणजे पार्श्व ते बुद्ध या परंपरेस, स्वतंत्र व नैतिक दृष्ट्या श्रेष्ठ स्थान देतात. परंपरेनुसार पार्श्व वाराणसीचे. बुद्धाचे पहिले प्रवचन झाले ते सारनाथ तेथून जवळच.

दोघांचा विरोध मोठा असला तरी दोघांचे एक गृहीत समान आहे. संस्कृतीचे मूळ एखाद्या लोकसमूहात व त्याच्या वचनांत सापडते, आणि ते सापडले की पुढील वाढीवरील हक्क सिद्ध होतो, असे ते गृहीत. तर्कतीर्थ मूळ आत शोधतात, कोसंबी बाहेर. परंतु कुळाचा वृक्ष काढण्याची रीत दोघांचीही एकच. इतिहासास खरेदीखताचे रूप येते ते येथूनच.

उत्खननाने समोर आणलेला आरंभ निराळा आहे. सुमेरमधील उरुक नगरात इसवी सनापूर्वी ३३०० ते ३२०० च्या सुमारास लेखनाच्या ज्या पहिल्या मृत्तिका-पट्टिका तयार झाल्या, त्यांवर सूक्ते नाहीत. बहुतेकींवर धान्य, मद्य, पशू व श्रमिक यांचे हिशेब आहेत. मनुष्य लिहू लागला तो कोठाराच्या दारात. देवस्तुती पाटीवर आली ती कित्येक शतकांनी. वाराणसीचीही साक्ष फार भिन्न नाही. राजघाट येथे रेल्वेच्या कामात १९४० च्या सुमारास जुने अवशेष उघडे पडले, आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाने १९५७ पासून तेथे जी खोदकामे केली त्यांतून वस्ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारापर्यंत मागे गेली. पुढे अकथा येथील उत्खननाने ही सीमा त्याहूनही मागे नेली. तरी उरुक आणि राजघाट यांत दोन सहस्रकांहून अधिक अंतर उरते. जगातील सर्वांत जुने नगर म्हणून काशीचा जो गौरव होतो त्यास येथे आधार नाही. राजघाटच्या अगदी खालच्या थरांत आढळलेली ठळक गोष्ट म्हणजे नदीकाठचा मातीचा भक्कम बांध. पुरास तोंड देण्यासाठी माणसे एकत्र आली, हेच तेथील पहिले लेखन म्हणावयाचे.

या कसोटीवर कोसंबींचा ग्रंथ पुन्हा वाचला असता त्याचे दोन भाग पडतात. इंद्र आणि बाबिलोनिया यांविषयीचा भाग आज टिकत नाही. नामसादृश्यावर आणि पुराकथांवर जितका भार टाकता येतो त्याहून अधिक त्याने टाकला आहे. श्रमण-संस्कृतीच्या ऱ्हासाचे विवेचन मात्र वेगळ्या जातीचे आहे. तेथे कोसंबी विचारतात तो प्रश्न वंशाचा नसून उपजीविकेचा आहे. भिक्षुसंघास राजाश्रय मिळाला, विहारांना जमिनी मिळाल्या, परिग्रह वाढला, आणि मग अहिंसेचा उपदेश करणारी संस्था ज्यांच्या श्रमांवर जगत होती त्यांच्यापासून दुरावली. तत्त्वज्ञानाचा पराभव तत्त्वज्ञानाने केला नाही, तो दानपत्राने केला, हे कोसंबींनी ओळखले. त्यांच्या आधी मराठीत असे विवेचन विरळच. विसाव्या शतकाच्या आरंभी काशीत अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्यास, विद्या कोणाच्या धान्यावर जगते, हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. पण तो विचारण्याचे धैर्य त्याच पंक्तीतल्या किती पंडितांना झाले?

खेद एवढाच की हा प्रश्न ग्रंथाच्या मध्यभागीच राहतो. वैदिक कालखंडास तो लावला असता तर गोधन, यज्ञातील दक्षिणा आणि शेतीचा विस्तार यांची चर्चा अधिक झाली असती, इंद्राच्या स्वारीची कमी. ते काम पुढे त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी इंग्रजीत केले, आणि मराठीस ते बहुतांशी अनुवादाच्या वाटेने यावे लागले. तर्कतीर्थांच्या ग्रंथातही ही उणीव आहे, किंबहुना अधिक आहे. त्यांचा ‘विकास’ विचारांचा आहे. विचारांना पोट असते याची त्यात फारशी दखल नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नाची सामग्री हाताशी आहे. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आले. तेथे धान्याचे कोठार आहे, पाण्याचा पाट आहे, वस्तीभोवती संरक्षणाची बांधणी आहे. लेखन मात्र नाही. हे लोक वैदिक की श्रमण, असे विचारलेच जाऊ शकत नाही, कारण उत्तर देण्यास त्यांचे एकही वचन शिल्लक नाही. कोठाराचा प्रमुख कोण, पाटाचे पाणी कोणास आधी, हे मात्र विचारता येते, आणि कोसंबींच्या ग्रंथाचा मधला भाग वाचलेल्यास ते आपोआप सुचते.

म्हणून या ग्रंथाच्या नव्या वाचकाने आरंभ मधूनच, विहारांच्या जमिनींपासून, करणे बरे. इंद्राकडे मागाहून वळता येईल. तो थांबण्यास सरावलेला आहे.