आधी गाव, मग गुन्हा

बारावीच्या 'युवकभारती'त कथा या साहित्यप्रकारासाठी दोन कथा नेमल्या आहेत. एक व. पु. काळे यांची 'शोध', दुसरी प्रतिमा इंगोले यांची 'गढी'. ही दोन नावं शेजारीशेजारी वाचली की एखाद्या रहस्यकादंबरीचं शीर्षक वाचल्यासारखं वाटतं. दोन्ही रहस्यकथा नाहीत, तशा असण्याचं कारणही नाही. पण गढी आणि शोध एका कथेत कसे बांधायचे, हे आपल्या विद्यार्थ्याला कुणी शिकवतं का? भंडाऱ्यासारख्या, गढ्या-किल्ल्यांनी आणि टेकड्यांनी भरलेल्या जिल्ह्यात तरी शिकवलं जातं का? याचं उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणं तपासण्यासारखी आहेत.

शाळेत कथालेखन आहे, नाही असं नाही. दहावीच्या उपयोजित लेखनात ते येतं: मुद्दे दिलेले, किंवा सुरुवात दिलेली, आणि ८० ते ९० शब्दांची मर्यादा. वर शीर्षक, खाली तात्पर्य. एवढ्या जागेत लाकूडतोड्या प्रामाणिक ठरू शकतो, पण संशयित उभा राहू शकत नाही. रहस्यकथेला लागते ती पेरणीची जागा. तिसऱ्या परिच्छेदात सहज टाकलेली वस्तू दहाव्या परिच्छेदात पुरावा व्हावी लागते. ते अंतरच मिळालं नाही, तर मुलं ठरलेल्या वाटेनं जातात: जुना वाडा, अमावस्या, पैंजणांचा आवाज आणि शेवटी 'तेवढ्यात आईनं हाक मारली आणि मला जाग आली'. दोष मुलांच्या कल्पनाशक्तीचा नाही. पुरावा कसा मांडायचा हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

मोठ्यांच्या लेखनातून तरी ते दिसतं का? मराठी रहस्यकथेची परंपरा भरघोस आहे. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांना देशी, जुन्या काळाचा पोशाख चढवला आणि वाचकांच्या दोन पिढ्या जागवल्या. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) झुंजार, काळा पहाड असे नायक उभे करून हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. पुढे गुरुनाथ नाईकांनी तोच झपाटा चालवला. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्या रूपानं कॉलेजच्या मुलांची भाषा या प्रकारात आणली. या सगळ्यांनी वाचक घडवला, हे त्यांचं ऋण मराठी समीक्षेनं मोकळेपणानं कधी मानलं नाही. पण या परंपरेचा कणा आहे माणूस: धाडसी, देखणा, ऐन वेळी पोचणारा नायक. गाव हा बहुतेक वेळा मागचा पडदा असतो. झुंजारला मुंबईतून उचलून दुसऱ्या शहरात ठेवलं तर किती पानं बदलावी लागतील? फार थोडी.

गावाकडे बारकाईनं पाहणारा एक लेखक मुलांच्या साहित्यात सापडतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे, पुण्यात विद्याभवनात शिकतो आणि ज्या भूगोलात जातो तिथल्या वाटा त्याच्या उपयोगी पडतात. सत्यजित राय यांच्या फेलूदाकथाही अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांच्या हातात आहेत. त्यातली 'कैलासे केलेंकारी' तर आपल्या वेरूळात घडते. भुवनेश्वरच्या देवळावरून तोडलेल्या यक्षीच्या शिरापासून सुरू झालेला माग कैलास लेण्यापर्यंत येतो. मूर्तिचोरीचा धंदा, लेण्यांची रचना, तिथला पर्यटकांचा वावर, यातलं काहीही बदललं की कथा कोसळते. महाराष्ट्रातल्या ऐतिहासिक स्थळाचा असा उपयोग एका बंगाली लेखकानं केला आणि आपण तो अनुवादातून वाचला, ही नोंद मराठी लेखकांनी करून ठेवावी.

अलीकडे इतिहास आणि रहस्य यांची सांगड मराठीत पुन्हा घातली जाते आहे. संजय सोनवणी यांची 'असुरवेद', प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' ही ठळक उदाहरणं. तरुण वाचक या कादंबऱ्यांवर तुटून पडला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र या वळणाच्या कथांचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम वेगळा आहे. प्रत्येकाला देशाचा इतिहास उलटापालटा करणारं गुपित हवं असतं, सांकेतिक श्लोक हवा असतो, खजिना हवा असतो. आपल्या तालुक्याच्या गावात, तहसील कचेरीच्या दप्तरात, तलावाच्या पाळीवर घडू शकणारं लहान, घट्ट विणलेलं रहस्य कुणालाच लिहावंसं वाटत नाही.

परदेशातली उदाहरणं इथं उपयोगी पडतात. अगाथा ख्रिस्तीनं १९४४ साली 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' ही प्राचीन इजिप्तमधली रहस्यकथा प्रसिद्ध केली. ती लिहिताना तिनं स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्तच्या अभ्यासकाला सतत प्रश्न विचारले, तेही राजे आणि लढायांविषयी नव्हे, तर लोक काय खात, घरात कोण कुठे बसे, अशा गोष्टींविषयी. एलिस पीटर्सनं १९७७ पासून श्रूजबरीच्या मठातला बाराव्या शतकातला ब्रदर कॅडफेल उभा केला. तो प्रदेश तिचा स्वतःचा होता. पायाखालची जमीन माहीत असलेली माणसं ही कामं करू शकली.

ही जमीन भंडारा जिल्ह्यात कुठे आहे? पहिलं नाव पवनीचं. तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. गावात देवळं इतकी की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथं उत्खनन केलं आणि जगन्नाथाच्या देवळाखालच्या टेकडीत बौद्ध स्तूप निघाला. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं होती, एका स्तंभावर मुचलिंद नाग होता. याच गावात रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा छायास्तंभही, म्हणजे स्मृतिस्तंभही, मिळाला आहे. त्यावरच्या कोरीव लेखाबाहेर या महाक्षत्रपाची फारशी ओळख नाही. पश्चिमेकडच्या क्षत्रपाचं स्मारक वैनगंगेच्या काठी का उभं राहिलं, हा प्रश्न कोणत्याही काल्पनिक खुनापेक्षा कमी रंजक नाही.

पवनीचा उत्खनन-अहवाल रहस्यकथेच्या वर्गात पाठ्यपुस्तक म्हणून चालेल, असं माझं मत आहे. कारण उत्खनकाची विचारपद्धती म्हणजेच तपासाची पद्धती. थरावर थर असतात, खालचा जुना, वरचा नवा. पण मध्येच कुणीतरी खड्डा खणलेला असतो आणि नवी वस्तू जुन्या थरात जाऊन बसते. मग खड्डा कोणत्या थरातून खणला गेला, हे शोधावं लागतं. 'वस्तू इथं सापडली' आणि 'वस्तू इथली आहे' या दोन विधानांतला फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याला रहस्यकथेचं अर्धं तंत्र कळलं.

वर्गात हे कसं उतरेल, ते एका उदाहरणानं पाहू. समजा, पवनीतल्या एका देवळाच्या जोत्यात जुन्या कठड्याचा दगड बसवलेला आहे. दर्शनी बाजूला अर्धं कमळ, वर वर्षानुवर्षांचा चुना. एका सकाळी दगड गायब होतो. गुरव, ठेकेदार, सुटीला आलेला प्राध्यापक, जुन्या वस्तूंचा व्यापारी, अशी चार माणसं. पोलीस विचारपूस करतात. त्यात एक जण हळहळतो, 'दान देणाऱ्या बाईचं नाव होतं हो त्यावर!' वाक्य भावुक आहे, वाचक पुढे जातो. पण नाव दगडाच्या मागच्या बाजूला होतं आणि ती बाजू जोत्यात गाडलेली होती. दगड काढल्याशिवाय, किंवा बसवण्याआधीचं छायाचित्र पाहिल्याशिवाय ते कुणालाच ठाऊक असणं शक्य नाही. इथं अमावस्या लागली नाही, पैंजण लागलं नाही. लागलं ते एवढंच, की जुने दगड नव्या बांधकामात कसे वापरले जातात हे लेखकाला माहीत होतं. १९२९ साली रोनाल्ड नॉक्सनं रहस्यकथेसाठी घालून दिलेल्या दहा नियमांचं सारही हेच आहे: तपास करणाऱ्याला दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे.

भूगोलही असाच साक्ष देतो. भंडारा वैनगंगेच्या वरच्या अंगाला, पवनी खालच्या अंगाला आणि मध्ये गोसीखुर्दचं धरण. त्याचं भूमिपूजन १९८८ सालचं. १९७० सालच्या कथेत भंडाऱ्याला नदीत टाकलेली पेटी पवनीच्या घाटाला लागली तर चालेल. आजच्या कथेत ती तिथं कशी पोचली, याचा जबाब लेखकाला द्यावा लागेल, आणि तो जबाब हाच तपासाचा धागा होऊ शकतो.

तलावांचं तेच. कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव हे या जिल्ह्याचं वैभव. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाण्यावरचा हक्क गावागावांच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रूढी-हक्कांच्या नोंदीत, लिहिलेला राहिला. धान गर्भाशी आलेलं असताना कोणाच्या बांधीला आधी पाणी, यावरून उठलेलं भांडण हा खजिन्यापेक्षा खुनाचा कितीतरी खरा हेतू आहे. घटनेची रात्र हवी असेल तर दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आहे. दंडार या लोकनाट्यापुढे सगळं गाव बसलेलं, म्हणजे प्रत्येकाकडे 'मी तिथंच होतो' हे उत्तर तयार. आणि बोली तर आहेच. ण आणि ळ टाळणारी झाडीबोली, जिच्या अभ्यासाची पायवाट साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी पाडली, तिच्यात पात्रं बोलू लागली की बाहेरचा कोण आणि सोंग घेतलेला कोण, हे एका वाक्यात कळू शकतं. आपली मुलं मात्र संवाद पुणेरी प्रमाणभाषेत लिहितात आणि हातचा पुरावा घालवून बसतात.

या लेखनात दोन धोके आहेत आणि शिक्षकानं ते आधीच ओळखले पाहिजेत. पहिला गुप्तधनाचा. किल्ला म्हटला की हंडा आलाच, अशी मुलांची खात्री असते. तुमसरजवळच्या आंबागडाबद्दलही दंतकथा आहेत. भोसल्यांच्या काळात तिथल्या कैद्यांना विहिरीचं दूषित पाणी पाजून मारत, असं सांगतात. दंतकथा टाळायची नाही, तिची उलटतपासणी करायची. पाण्यात नेमकं काय होतं? किती दिवसांत माणूस दगावेल? हे प्रथम कुणी लिहिलं, रसेलच्या १९०८ च्या भंडारा गॅझेटियरच्या आधी कुणी? गुप्तधनाच्या हव्यासापायी महाराष्ट्रात खरे बळी गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. म्हणून कथेत हंडा सापडण्यापेक्षा हंड्यावरचा विश्वास माणसाला काय करायला लावतो, हे यावं. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा विद्यार्थ्याला माहीत असला तर त्याच्या नायकाला हंडा गुपचूप घरी नेता येणार नाही. दहा रुपयांवरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि कोणी कळवलं नाही यातच एक कथा दडलेली असते.

दुसरा धोका अधिक गंभीर. घाईत लिहिणाऱ्याला चोर चटकन हवा असतो आणि मग गावाबाहेर पाल ठोकलेला माणूस चोर ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्याची सावली लोकप्रिय कथांतून अजून गेलेली नाही. रहस्यकथा हा मुळात संशयाचा व्यायाम आहे. संशय कोणावर आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न वर्गात विचारला गेला तर हा प्रकार पूर्वग्रह मोडायला शिकवतो. विचारला गेला नाही तर पूर्वग्रह पक्के करतो. एकाच टेकडीवर स्तूपही आहे आणि देऊळही आहे, अशा पवनीत हे भान दुप्पट लागेल.

रहस्यकथा लिहिण्याच्या या कलेची आजची स्थिती एका वाक्यात सांगायची तर ती अशी: वाचक आहे, साहित्य गावोगाव पडलं आहे, शिकवणारा नाही. त्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहायचं कारण नाही. ज्या विद्यापीठानं पवनी खणली, त्याच विद्यापीठाशी भंडाऱ्याची महाविद्यालयं संलग्न आहेत. इतिहासाच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी एका वर्षी एकत्र बसावं, विद्यार्थ्यांना टेकडीवर आणि तलावाच्या पाळीवर न्यावं, गॅझेटियर आणि उत्खनन-अहवाल वाचायला द्यावा आणि ८० शब्दांची अट काढून तीन हजार शब्दांची मुभा द्यावी. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात 'माझा आवडता ऋतू' या निबंधांना मिळणारी पानं एक वर्ष या कथांना द्यावीत. पहिल्या वर्षी कथा कच्च्या निघतील, पण त्यांतलं गाव खरं असेल.